बट आमची, बहिरेपण तिचं

वहिनीला सातवा महिना लागला होता तेव्हा सूर्यग्रहण आलं, आणि ग्रहण लागलेलं असतानाच गल्लीत पाण्याचा टँकर आला. दोन्हींतलं एक जरी थोडं मागंपुढं झालं असतं, तरी माझ्या वहिनीचा जन्म वेगळा गेला असता असं मला अजून वाटतं.

बीड बायपासच्या पलीकडं आमचं घर नवीनच झालं होतं. शहर पसरत पसरत आमच्या दारापर्यंत आलं, पण नळ काही त्याच्याबरोबर आला नाही. दादानं बोअर घेतला तर वर नुसता धुरळा आला. चहूकडं प्लॉट पडलेले, प्रत्येक प्लॉटवर बोअरची गाडी घरघरत उभी आणि पाणी कुणालाच नाही, असे ते दिवस होते. टँकर यायचा तो त्याच्या मर्जीनं. तो आला की हातातलं काम टाकून पळायचं.

त्या दिवशी आईनं वहिनीला पलंगावर सरळ निजवलं होतं. विळी धरायची नाही, सुई धरायची नाही, पाय दुमडायचा नाही. ग्रहण सुटलं की साठवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळ करायची, हा आमच्या घरचा नेम. पण टिपाडात पाणी तळाला गेलेलं. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. दादा कामावर होता, मी कॉलेजात होते, आईचे गुडघे धरलेले आणि माझे वडील अण्णा देवापुढं जपाला बसलेले. ते उठणार नव्हतेच. आई म्हणाली, "अगंबाई, आता आंघोळीला पाणी कुठून आणायचं?" ती एवढंच म्हणाली. वहिनीला जा म्हणाली नाही, आणि जाऊ नको असंही म्हणाली नाही. वहिनी उठली, डोक्यावर पदर घेतला आणि हंडा-कळशी घेऊन बाहेर गेली. ग्रहण सुटल्यावरच्या आंघोळीचं पाणी तिनं भर ग्रहणात भरलं. त्या पाण्यानं आंघोळ करताना कुणाला काही वाटलं नाही.

मुलगी झाली. दुधासारखी गोरी, निळे डोळे आणि कपाळाच्या बरोबर मध्यावर पांढरी बट. सगळी गल्ली बघायला आली. अण्णांना तर आभाळ ठेंगणं झालं, कारण तशीच बट त्यांनाही होती, अगदी लहानपणापासून. ती बट ते रोज खोबरेल लावून मागं वळवायचे. कोर्टात कारकून होते, पण बटेमुळं वकीलसुद्धा नमस्कार करतात असं सांगायचे. "आमच्या घराण्याची खूण आहे," ते येईल त्याला म्हणत होते. माझा उजवा डोळा घारा आणि डावा काळा. शाळेत मला मांजर म्हणायचे. ती मात्र घराण्याची खूण वगैरे कुणी म्हटलं नाही, मुलीच्या लग्नात अडचण एवढंच म्हटलं. अडचण खरी ठरली, पण ते दुःख करायचं राहून गेलं, कारण पुढं घरात त्याहून मोठं दुःख आलं.

बारशाला आत्या मीच. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन मी कुर्र केलं, तिचं नाव सांगितलं, आणि बायकांनी माझ्या पाठीत चांगले दणके घातले. बाळ माझ्याकडं बघून हसलं. केवढं गोड हसलं! माझ्या श्वासाची गुदगुली झाली असणार तिला. नाव तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. लोक विचारतात, इतकी वर्षं घरच्यांना कसं कळलं नाही? अहो, उलट तिखट कानाची म्हणून तिची ख्याती होती. टँकर कोपऱ्यावर वळायच्या आत ही दुडुदुडु दाराशी जायची आणि हात हलवून सगळ्यांना बोलवायची. आमच्या कुणाच्या कानावर काही पडलेलं नसायचं. शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी सुरू झाली की ही झोपेतून दचकून उठायची. आईनं एकदा मुद्दाम तिच्या मागं परात आपटली तर ही गर्रकन वळली. "बोलेल हो सावकाश, अण्णासुद्धा उशिरा बोलायला लागले होते," आई म्हणाली. आईनं परात फरशीवर आपटली होती आणि पोर त्याच फरशीवर बसली होती.

मग दादानं ओसरीवर झोपाळा टांगला. पोर झोपाळ्यावर बसली, फाटकाकडं पाठ, पाय अधांतरी. तेवढ्यात टँकर आला, हॉर्न वाजवत, अगदी फाटकापाशी. बायका ओरडत पळाल्या. पोर आपली मजेत झोके घेत राहिली, मानसुद्धा वळली नाही. वहिनी हंडा घेऊन निघाली होती. ती जागीच थांबली आणि पोरीकडं बघत राहिली. टँकर निघून गेला तरी ती तिथंच उभी होती. तिनं त्या दिवशी पाणी भरलं नाही, आणि मी तिला विचारलंही नाही, कारण मीसुद्धा तिच्याशेजारी तशीच उभी होते.

डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान पूर्ण गेलेले, जन्मापासून. घरी येऊन अण्णांनी पंचांग उघडलं नाही, त्याची गरजच नव्हती. ते एवढंच म्हणाले, "ग्रहण पाळलं नाही, त्याला कोण काय करणार." आईनं डोळ्याला पदर लावला. त्या दिवसापासून आमच्या घरात वाटणी झाली. बट आमची, बहिरेपण तिचं. गोरा रंग आमचा, निळे डोळे आमचे आणि कान तेवढे वहिनीनं घालवले. पाहुणा आला की अण्णा पोरीच्या बटेवरून हात फिरवायचे आणि आई हळूच ग्रहणाची गोष्ट सांगायची. वहिनी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी असायची.

मला संताप यायचा. मी भांडायचे, ग्रहणानं काही होत नसतं म्हणून ओरडायचे. "मग कशानं झालं ते सांग की," अण्णा म्हणायचे. ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर घरच्यांनी म्हणायच्या आधीच वहिनीनं ते स्वतःवर घेतलं होतं. ती पिशोरची, शेतकऱ्याची लेक. कष्टाला कधी मागं सरली नाही, पण ग्रहण आलं की आदल्या रात्रीपासून तोंडात पाणी घ्यायची नाही. खिडक्या लावून भिंतीकडं तोंड करून बसायची. दुसरं मूल तिनं होऊ दिलं नाही. "एकीचे कान मी खाल्ले वन्सं, आता बास," असं ती मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. हात थांबला नाही तिचा.

मी तेव्हा प्राणिशास्त्रात संशोधन करत होते. आमच्या प्राणिगृहात काळ्या डोक्याचे, पांढऱ्या अंगाचे उंदीर असायचे. लाकडाच्या भुश्याचा आणि मुताचा वास माझ्या ओढणीला कायमचा बसलेला. आई मला त्या ओढणीनं देवघरात येऊ द्यायची नाही. पाऊस पडायचं नाव नव्हतं, उंदरांच्या बाटल्यांनासुद्धा पाणी टँकरचंच. अशा एका उन्हाळ्यात एका चांगल्या जोडीला पिल्लं झाली, त्यांत दोन अगदी वेगळी निघाली. डोक्यावरही काळा ठिपका नाही. डोळे इतके बारीक की पापणीच्या आत मोहरी ठेवल्यासारखे. दात यायला इतका उशीर की मी खाद्य भिजवून, कालवून भरवत होते. सर म्हणाले, हे जपा, ह्यांची वीण वाढवा.

पिल्लांना ऐकू येतं का ते बघायचं ठरलं. पिंजऱ्याशेजारी टेबलावर मी किल्ल्यांचा जुडगा आपटला. सगळी पिल्लं दचकली, ती दोन पांढरीसुद्धा. मी लिहून घ्यायला पेन उचललं आणि एकदम मला आमचा झोपाळा आठवला; पाय जमिनीला नव्हते, हादरा लागला नाही, म्हणून पोरीला टँकर कळला नव्हता. एक पांढरं पिल्लू तळहातावर घेतलं, हात वर धरला आणि त्याच्या डोक्याशी किल्ल्या जोरात खुळखुळवल्या. ते आपलं माझं बोट हुंगत बसलं. दुसरंही तसंच. मग काळ्या डोक्याचं घेतलं, तर ते हातातून उडीच मारायला निघालं. भुश्याच्या पोत्यावर बसून मी रडले, आणि सरांना सांगितलं की धुळीची ॲलर्जी आहे.

पुढचे महिने मी वाचनालयात काढले. त्या उंदरांचं जे जनुक बिघडलेलं होतं त्याला आमच्या विषयात मिट्फ म्हणतात. ते स्वतः रंग बनवत नाही. ते मुकादमासारखं असतं. रंगाच्या पेशी कुणी व्हायचं, कुणी जगायचं, कुठली कामं सुरू करायची, हे सगळं त्याच्या हुकमावर. गर्भात ह्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि चालत चालत कातडीत जातात, केसांच्या मुळाशी जातात. मुकादमच नसेल तर त्या वाटेतच संपतात. नेहमीच्या पांढऱ्या उंदरात पेशी असतात, फक्त रंग नसतो, म्हणून त्याला ऐकू छान येतं. ह्या माझ्या उंदरांत पेशीच पोचलेल्या नव्हत्या. आणि त्यांतल्या काही पेशी कानाच्या आतल्या शंखापर्यंत जायच्या असतात. रंगाचं तिथं काय काम, असं वाटतं. पण त्या तिथं नसल्या तर कान चालतच नाही. बाहेरून सुरेख, आतून बहिरा.

उंदराला आईकडून आणि बापाकडून, दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तेव्हा ही गत झाली. माणसात एकच प्रत बिघडली तरी पुरते, आणि मग एकाच घरात कुणाच्या वाट्याला नुसती बट येते, कुणाच्या वाट्याला एक घारा डोळा, दादासारख्या कुणावर काहीच दिसत नाही, तर कुणाचे कान जातात. ते वाक्य वाचताना मी पुस्तक मिटलं. अण्णांची बट, माझा डोळा आणि पोरीचे कान. आमच्या घरात ते सगळं एका ओळीत बसलेलं होतं आणि आम्ही त्याला घराण्याची खूण म्हणत होतो. शिवाय ह्या पेशींचा प्रवास पहिल्या काही महिन्यांतच उरकतो. वहिनी हंडा घेऊन ग्रहणात गेली तेव्हा आत सगळं केव्हाच होऊन गेलेलं होतं.

घरी आले ती तडक अण्णांपुढं उभी राहिले. जेवण चाललं होतं. मी सगळं सांगितलं, उंदरांपासून. आवाज चढला असेल माझा. "हे आपल्या घरातून आलंय अण्णा. तुमच्याकडून. तुम्हाला बट दिली, पोरीला बहिरेपण दिलं. वहिनीचा ह्यात काही संबंध नाही." अण्णा शांतपणे हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडं जाऊन डोकं तुळतुळीत करून आले. घरात कुणी वारलं का, असं गल्लीतल्या बायका आईला विचारायला लागल्या. वहिनीला ते ह्याबद्दल त्या दिवशी काही बोलले नाहीत आणि पुढंही कधी बोलले नाहीत. मरेपर्यंत त्यांनी ते डोकं तसंच ठेवलं.

वहिनी मागच्या दारी भांडी घासत होती. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. मी तिच्याजवळ उकिडवी बसले, तिचे राखेनं भरलेले हात धरले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्यामुळं काही झालेलं नाही. ग्रहणानं नाही, पाण्यानं नाही. सुटलात तुम्ही."

मला वाटलं होतं ती रडेल, माझ्या गळ्यात पडेल. तिनं विचारलं, "रक्तातून आलंय म्हणता?"

"हो."

"मंग हिच्या लेकरांला बी जाईल?"

मी खोटं बोलू शकले असते. पण इतकी वर्षं भांडून शेवटी खरं हाती आलं होतं, आणि ते अर्धंच सांगायचं मला सुचलं नाही. "प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता," मी म्हणाले.

तिनं हात सोडवून घेतले. तवा परत घासायला घेतला. मग म्हणाली, "मला वाटत व्हतं वन्सं, माझ्या पापानं झालंय तर माझ्यापाशीच संपंल. मी उपास करीन, काय करायचं ते करीन. पोरीच्या लेकरांला तर काय नाय. तेवढंच धरून बसले व्हते मी. ते बी गेलं आता." आणि मग ती रडली. मी तिला इतकं रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. मी दोष उचलायला गेले होते आणि त्याच्याखाली तिनं जपून ठेवलेलं एवढंसं सुख होतं, ते माझ्या हातून गेलं. विज्ञानाला ह्यात बोल लावता येत नाही. मला नुसतं वाईट वाटत आलंय, आजपर्यंत.

पोर मोठी झाली. मूकबधिर शाळेच्या गाडीनं जायची, हातांनी भराभर बोलायची. आम्हाला सगळ्यांना तिनं खुणा दिल्या होत्या. मी म्हणजे उजव्या डोळ्यावर बोट. अण्णा म्हणजे कपाळावरून मागं फिरवलेला हात. टक्कल केल्यावरही त्यांची खूण तीच राहिली. आणि तिची आई, आमची वहिनी, म्हणजे कमरेवर घागर धरल्यासारखा वाकवलेला हात. आई-अण्णा गेले. बायपासला उड्डाणपूल झाले, आमच्या मागच्या शेतात सात मजली इमारती उभ्या राहिल्या, शहराचं नाव बदललं. टँकर मात्र तसाच येत राहिला. पोरीचं लग्न सिल्लोडच्या एका मुलाशी झालं, तोही हातांनी बोलणारा, फार लाघवी. तो तापात बहिरा झालेला, त्याच्या रक्तात काही नव्हतं. आणि एके दिवशी पोर बाळंतपणासाठी माहेरी आली.

तिला सातवा संपत आला होता तेव्हा पुन्हा सूर्यग्रहण आलं. संध्याकाळचं, सूर्य ग्रहणातच मावळणार होता. मला वाटलं वहिनी लेकीला कोंडून घालेल, स्वतः भिंतीकडं तोंड करून बसेल. तसं काही झालं नाही. लेक खोलीत मोबाइल बघत लोळत होती, वहिनी तिला काही बोलली नाही. मी चहा ठेवला आणि वहिनीला हाक मारली, तर ती घरात नव्हती.

ती फाटकाबाहेर रस्त्यावर उभी होती. टँकर आलेला नव्हता, बाहेर चिटपाखरू नव्हतं. डोक्यावरचा पदर काढलेला, केस मोकळे, अर्धे पांढरे झालेले. कमरेला रिकामा हंडा. समोर कुतरलेला सूर्य इमारतींच्या मधून दिसत होता आणि ती त्याच्याकडं तोंड करून, डोळे मिटून उभी होती.

"वहिनी, काय हे?"

तिनं डोळे उघडले नाहीत. "तुमचं ते रक्ताचं खरं असंल वन्सं. मी नाय म्हणत नाय. पर एकदा बघते, परत माझ्यावर घेता येतंय का."

मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. आयुष्यभर मी पोरापोरींना शिकवलं की असं काही नसतं. बाहेर येताना सवयीनं डोक्यावर घेतलेली ओढणी मी खाली घेतली आणि तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. "घ्यायचंच असेल तर ते आमच्या घरचं आहे," मी म्हणाले. "मी घेते." तिनं माझा हात धरला. आम्ही दोघी म्हाताऱ्या रस्त्यात हात धरून उभ्या राहिलो. खिडकीतून पोर आमच्याकडं बघत होती आणि एकदा डोळ्यावर बोट, एकदा कमरेवर हात करून विचारत होती, हे काय चाललंय? थोड्या वेळानं वहिनीचे पाय थरथरायला लागले. तिला रक्तदाबाचा त्रास, दिवसभर पोटात काही नाही. मी म्हणाले, "चला आत, पुरे झालं." ती उगाच वाद घालणारी बाई नव्हती. आली माझ्यामागून. सूर्य मावळायचा होता अजून.

थंडीत पोर बाळंत झाली. मुलगी. नर्सनं दुपट्यात गुंडाळून आणली, वहिनीच्या हातात दिली आणि म्हणाली, किती गोड केस आहेत हो हिचे, पुढची बट बघा. कानाची तपासणी दवाखान्यातच झाली, हिचेही दोन्ही कान गेलेले. आता लवकर कळलं तर यंत्र बसवता येतं, बोलेल ती, ऐकेल, मी वहिनीला हे सगळं भराभर सांगत होते. ती मान हलवत होती. तिनं एका बोटानं ती बट बाजूला केली, बट परत कपाळावर आली, तिनं परत बाजूला केली.

"अजून थोडा वेळ उभं ऱ्हायला पायजे व्हतं, वन्सं," ती म्हणाली. "आपुन लवकर आत आलो."

मी तिच्या हातातून बाळ माझ्याकडं घेतलं.